हापशाचा दांडा आणि अंगठ्याचा ठसा

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, माळशिरस तालुक्यात वसलेले वेळापूर महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे: एक, तेथील यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आणि दुसरे, आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा तेथे पडणारा मुक्काम. खुडूसचे रिंगण आटोपून, टेकडीच्या उतारावरून धावा करीत, ज्या दिवशी वारकऱ्यांचा तो अफाट समुदाय या गावात उतरतो, त्या दिवशी एका मध्यम वस्तीच्या गावाला एका रात्रीपुरता महानगराचा सारा व्याप अंगावर घ्यावा लागतो. पिण्याचे पाणी, शौचाची व्यवस्था, दिवाबत्ती, पायाला फोड आलेल्यांना आणि पोट बिघडलेल्यांना औषध, आणि चुकलेल्यांना त्यांच्या माणसांत नेऊन पोहोचविण्याची तजवीज, एवढे सगळे त्या व्यापात येते. दुष्काळात, महापुरात किंवा भूकंपात मदतकार्याची जी यंत्रणा घाईगर्दीने उभारावी लागते, तिचीच ही दरवर्षीची आणि सुदैवाने मंगल प्रसंगाची आवृत्ती होय, असे म्हणावयास हरकत नाही.

या आवृत्तीत एक फार जुने तंत्र आजही चालू आहे. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात, रथामागे त्याहून कितीतरी अधिक, आणि प्रत्येक दिंडीला तिचा क्रमांक ठरलेला असतो. गर्दीत मागे पडलेल्या एखाद्या आजीबाईंना मुलाचा मोबाईल नंबर पाठ नसला, तालुक्याचे नाव सांगताना भीतीने जीभ अडखळली, तरी "रथामागं अमुक नंबर" एवढे शब्द त्यांच्या तोंडून निघाले की त्यांना त्यांच्या राहुटीपर्यंत नेता येते. आणि त्यासाठी त्यांचे वय, त्यांची जात, त्यांच्या बोटांचे ठसे यांपैकी कशाचीही कोणाला गरज पडत नाही. याच वाटेच्या शेवटी, पंढरपुरात, २०२५ च्या आषाढीला पोलिसांनी गर्दीवर नजर ठेवण्यासाठी ड्रोन उडविले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने माणसांची मोजदाद केली. या दोन तंत्रांत जुन्यानव्याचे भांडण लावून देण्याचा माझा हेतू नाही, कारण चेंगराचेंगरी होण्यापूर्वी ती ओळखणारे साधन मिळत असेल तर ते न वापरणे हाच अपराध ठरेल. मांढरदेवीला २००५ च्या जानेवारीत सुमारे तीनशे भाविक कसे प्राणास मुकले हे ज्यांना आठवत असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको. प्रश्न निराळा आहे, आणि तो असा, की संकटात सापडलेल्या माणसाच्या मदतीला जेव्हा नवे यंत्र आणले जाते आणि ते यंत्र चुकते, तेव्हा त्या चुकीची शिक्षा कोणी भोगावयाची: यंत्र आणणाऱ्याने, की मदतीसाठी रांगेत उभ्या असलेल्याने?

हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातून विचारण्यास सबळ कारण आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख असल्यामुळे दुष्काळ ही येथील जुनी ओळख, आणि दुष्काळ म्हटला की निवारणाचे नवनवे प्रयोग ओघानेच आले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्य पुरे असा हिशेब मांडला, आणि त्या काळच्या भाषेत तो हिशेब शास्त्रीयच समजला गेला. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या धान्यावर खडी फोडणारा माणूस जगणार नाही, असे बजावले. मुंबई इलाख्यात तर हजारो मजुरांनी कामे सोडून त्या शास्त्राला उत्तर दिले. पुणे सार्वजनिक सभेच्या माणसांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून मिळविलेली माहिती सरकारपुढे मांडली, हे त्या दुष्काळाच्या इतिहासातील एक उज्ज्वल पान आहे. मापाची चूक टेंपलसाहेबांची होती आणि हाडे मजुरांची खिळखिळी झाली.

परंतु या जिल्ह्याच्या खाती दुसरी एक, पुष्कळ अधिक सुखद अशी नोंद आहे, आणि आश्चर्य असे की खुद्द सोलापूरकरांनाही ती फारशी ठाऊक नसते. गावोगावच्या चौकात, शाळेच्या आवारात, वस्तीच्या कडेला जो लोखंडी हापसा उभा दिसतो, ज्याच्या दांड्याला लोंबकळून आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले, आणि जो आज आफ्रिकेतील खेड्यांतही त्याच रूपात पाणी काढतो, त्या 'इंडिया मार्क टू' नावाच्या हातपंपाची वंशावळ शोधू गेल्यास ती सोलापूर आणि जालना या दोन गावांपाशी येऊन थांबते.

ती हकीकत मुळातून सांगण्याजोगी आहे. एकोणीसशे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात देशात अवर्षणाची वर्षे लागोपाठ आली, तेव्हा युनिसेफने खडक फोडणारी नवी वेधनयंत्रे हिंदुस्थानात आणली. दख्खनच्या काळ्या पाषाणात सुरुंग लावून विहीर खणावयास जेथे महिनोन्‌महिने लागत, तेथे हवेच्या दाबावर चालणारे हे यंत्र दिवसा-दोन दिवसांत विंधणविहीर मोकळी करून देई. पाहणाऱ्याला तो चमत्कारच वाटे. आणि चमत्काराचा हिशेब जसा ठेवला जातो तसाच याचाही ठेवला गेला, म्हणजे किती भोके पाडली याची संख्या अहवालांतून चढत्या क्रमाने छापली जाऊ लागली. १९७२ च्या दुष्काळाने त्या घाईत आणखी भर घातली. मात्र त्या भोकांवर बसविलेले बिडाचे पंप परदेशातील शेतकऱ्याच्या अंगणासाठी, म्हणजे एका कुटुंबाच्या दिवसभराच्या दोन-चार बादल्यांसाठी, योजलेल्या पंपांच्या नकला होत्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत सबंध गाव ज्यावर तुटून पडणार, त्या पंपाचे सांधे किती दिवस टिकावे? १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा असे आढळले, की सरकारच्या व युनिसेफच्या साह्याने घेतलेल्या सुमारे चाळीस हजार विंधणविहिरींपैकी तीन-चतुर्थांश विहिरींवरील पंप बंद पडलेले आहेत.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. एवढे मोठे अपयश स्वतःच मोजून ते कागदावर मांडणे, हे कोणत्याही संस्थेला जड जाणारे काम आहे. मदत देणाऱ्या संस्थेला तर ते विशेषच जड जाते, कारण तिची प्रतिष्ठा आणि तिचा पुढचा निधी या दोहोंचा पाया यशोवृत्तांतावर रचलेला असतो. तरीही ते मोजले गेले, आणि मोजल्यामुळे पुढचा शोध सुरू झाला. शोध घेता घेता असे दिसले, की महाराष्ट्रातच काही ठिकाणी असे पंप आहेत जे बिघडत नाहीत. मिशनच्या सेवाकार्याशी संबंध असलेल्या जालन्याच्या आणि सोलापूरच्या कार्यशाळांतील कारागिरांनी, पुस्तकी शिक्षणापेक्षा हाताच्या अनुभवावर विसंबून, बिडाच्या जागी पोलाद घेतले होते, झिजणारे अनेक सांधे काढून टाकून दांडा एकाच आसावर तोलला होता, आणि दांड्याच्या टोकाशी चाप बसवून त्यावरून साखळी अशा रीतीने सोडली होती की खालची सळई वाकडीतिकडी न ओढली जाता सरळ वरखाली होई. 'सोलापूर पंप' या नावानेच तो जाणकारांत ओळखला जाऊ लागला.

पुढे युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार यांनी हा पंप आधाराला घेऊन मद्रासेतील अभियांत्रिकी संशोधकांकडून व रिचर्डसन अँड क्रडास या सरकारी कारखान्याकडून त्याची सुधारून घेतलेली आकृती सिद्ध केली. कोइमतूरच्या परिसरातील खोल विहिरींवर तिची कसोटी घेतली. आणि १९७०-८० च्या दशकाच्या अखेरीस तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. त्या आकृतीवर कोणी एकस्वाचा हक्क सांगितला नाही. भारतीय मानक संस्थेने तिचे प्रमाण ठरवून दिले, त्यामुळे एका कारखान्यात घडलेला भाग दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसू लागला आणि तालुक्याच्या बाजारात सुटे भाग मिळू लागले. १९९०-२००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा पन्नास लाख पंपांची निर्मिती झाली होती असे सांगतात. तमिळनाडूत तर देखभालीची तीन पायऱ्यांची उतरंड रचली गेली: गावात पंपाची राखण करणारा एक माणूस, गटाला एक मिस्त्री, आणि जिल्ह्याला अवजारांनिशी फिरणारी एक गाडी. यातही न्यून राहिलेच. पंप उघडावयाचा तर जड नळ्या वर काढाव्या लागत आणि गाडी येईपर्यंत गाव तहानलेले राही, म्हणून पुढे गावकऱ्यांनाच दुरुस्त करता यावी अशी 'मार्क थ्री' ही आवृत्ती निघाली.

नव्या तंत्राचा जबाबदार स्वीकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आजच्या परिषदांतून त्यावर जी जड जड भाषणे होतात, त्यांतील बहुतेक सारा अर्थ या हापशाच्या दांड्यात सामावलेला आहे. चमत्काराच्या संख्येने हुरळून न जाता तो चालू आहे की बंद आहे हे कोणीतरी मोजले. जेथे वापर होत होता तेथील कारागिराची अक्कल तज्ज्ञांनी कमीपणा न मानता उचलली. सर्वत्र पसरण्यापूर्वी कसोटी घेतली. रचना सर्वांसाठी खुली ठेवली. आणि बिघाड झाला तर कोणाच्या दारी जावयाचे हे गावाला सांगून ठेवले.

अर्थात हापशाची स्तुती करताना त्याच्याच एका भावंडाची करुण कथा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात, तळ्यांच्या दूषित पाण्याने मुले दगावतात म्हणून, युनिसेफ व सरकार यांच्याच प्रोत्साहनाने लाखो उथळ नलिकाकूप घेतले गेले. हेतू निर्मळ होता, आणि पाणी दिसावयास त्याहून निर्मळ होते. पण त्या पाण्यात भूगर्भातील आर्सेनिक आहे की नाही, हे कोणी तपासले नव्हते. १९९३ मध्ये बांगलादेशात ते विष अधिकृतपणे सापडले, तोपर्यंत कोट्यवधी लोक वर्षानुवर्षे ते पाणी पीत आलेले होते. त्या विषाची चूक पुन्हा पिणाऱ्यांच्याच कातडीवर उमटली. आपल्याकडेही यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील विंधणविहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे, आणि तेथे हापसा चालू असणे हीच काळजीची गोष्ट ठरते.

कसोटीवरून आठवण झाली ती सोलापूरच्याच आकाशात झालेल्या एका प्रयोगाची. पावसाने दगा दिला की विमानातून ढगांवर रसायन फवारून कृत्रिम पाऊस पाडण्याची घोषणा होते, वर्तमानपत्रांत विमानाचे छायाचित्र येते, आणि पाऊस पडलाच तर तो विमानाने पडला की देवाने, हे सांगण्याची सोय राहत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने मात्र २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर हे केंद्र धरून निराळा मार्ग पत्करला. रडार बसवून, योग्य वाटलेल्या ढगांपैकी कोणावर फवारावयाचे आणि कोणास तसेच सोडावयाचे हे केवळ यदृच्छेवर सोपवून, २७६ ढगांचा अभ्यास केला गेला, म्हणजे तुलनेला दुसरी बाजू उरली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, फवारलेल्या ढगांपासून वाऱ्याच्या दिशेला सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस १८ टक्क्यांच्या आसपास वाढला. हे प्रमाण लहान नाही, पण चमत्काराचेही नाही. आणि मुळात आभाळात फवारण्याजोगा ढगच नसेल तर विमानाचा उपयोग शून्य. दुष्काळी माणसाला ही गोष्ट इतक्या सरळ शब्दांत सांगितली, तर तो निराश होईल खरा, पण फसवला जाणार नाही.

आकाशापेक्षाही जास्त यंत्रे आज जमिनीवर, सरकारी मदतीच्या वाटपात, उतरली आहेत. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला जी एक मोठी देणगी दिली ती रोजगार हमीची; वि. स. पागे यांच्या चिंतनातून आणि आग्रहातून ती योजना आकारास आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे खपत होती. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाही. (परदेशी धान्याबरोबर गाजरगवताचे बी आले आणि लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' हे नाव दिले, हा समज खरा धरला तर मदतीतून काय काय येते याचा तो हिरवागार पुरावा अजूनही बांधाबांधावर उभा आहे.) त्या कामांचा सगळा डोलारा हजेरीपत्रकावर, लोकांच्या भाषेत मस्टरवर, उभा होता, आणि मस्टरवर खोटी नावे चढत, मेलेली माणसे खडी फोडीत, मुकादम आणि कारकून त्यांची मजुरी उचलीत, हेही तितकेच खरे होते. तेव्हा त्या रोगावर इलाज हवा होता, याविषयी वाद नाही.

इलाज म्हणून १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवर मोबाईलमधील ॲपद्वारे, दिवसातून दोन वेळा मजुरांचे छायाचित्र काढून हजेरी लावणे सक्तीचे झाले. कागदावर ही योजना निर्दोष दिसते. परंतु नेटवर्क नसलेल्या माळावर दुसरे छायाचित्र चढले नाही, तर दिवसभर घमेली वाहिलेल्या बाईची हजेरी बुडते, आणि ती बुडालेली हजेरी परत मिळवून देण्यासाठी तिने कोणत्या कचेरीच्या पायऱ्या झिजवावयाच्या, हे ॲप सांगत नाही. उलट ज्यांना लबाडी करावयाची त्यांनी छायाचित्राचेच छायाचित्र काढून चढविण्याची युक्ती शोधली, हे पुढे खुद्द केंद्रीय मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावे लागले. लबाडाला यंत्राची दुसरी बाजू सापडते आणि प्रामाणिक मजूर पहिल्याच बाजूवर अडतो, असा हा उफराटा न्याय आहे.

अंगठ्याची गोष्टही याच जातीची. देशातील पहिले आधार क्रमांक २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले, तेव्हा गरिबाला त्याच्या हक्काची ओळख मिळाली अशी सर्वांची भावना होती, आणि ती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पुढे स्वस्त धान्य दुकानांतून ठसा घेणारी यंत्रे आली, व बोगस शिधापत्रिकांना त्यामुळे आळा बसला. पण ऊस तोडणाऱ्याचे, वीट थापणाऱ्याचे, सोलापुरात वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या बायांचे हात पाहिले म्हणजे कळते, की ज्यांना त्या धान्याची सर्वांत अधिक गरज, त्यांच्याच बोटांवरील रेषा कष्टाने पुसल्या गेलेल्या असतात. यंत्र "जुळत नाही" म्हणते. नियमात पर्याय आहेत: डोळ्याची खूण, मोबाईलवर येणारा आकडा, घरातील दुसऱ्याचा अंगठा, प्रसंगी यंत्राविना नोंद. परंतु तो पर्याय कोणाच्या मर्जीवर आहे आणि तो नाकारला तर दाद कोणाकडे मागावयाची, हे रांगेतल्या माणसाला ठाऊक नसेल तर नियम दप्तरात असून नसल्यासारखाच. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक लहान मुलगी दगावली; शिधापत्रिका आधारशी जोडली नाही म्हणून धान्य बंद झाले आणि ती भुकेने गेली असे तिच्या घरच्यांचे म्हणणे होते, तर मृत्यू आजाराने झाला असे सरकारचे. वाद कोणत्याही बाजूला झुकवा, त्या घरात धान्य पोहोचले नव्हते.

दुष्काळी चारा छावण्यांची हकीकत तर थोडी विनोदीच म्हणावी लागेल. सांगोला आणि मंगळवेढा या भागांत छावण्या पडल्या की दावणीला जितकी जनावरे त्यापेक्षा कागदावर जास्त, अशी ओरड होई. म्हणून २०१९ च्या छावण्यांत जनावरांच्या कानातील बिल्ल्यावरचा बारकोड मोबाईलने टिपून हजेरी घेण्याची पद्धत आली. येथे यंत्राचा जाच जनावराला फारसा नाही, लबाडीला मात्र अडसर आहे. आणि बिल्ला वाचला गेला नाही तरी त्या गाईला त्या दिवशी पेंडी मिळते, कारण ती समोर उभी राहून हंबरत असते. माणसांच्या बाबतीत आपण एवढीही सवलत ठेवीत नाही, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

यंत्र आणि माणूस यांची सांगड बरी कशी घातली जाते याचाही एक दाखला देतो. पूर्वी दुष्काळ ठरे तो आणेवारीवर, म्हणजे तलाठ्याच्या नजर-अंदाजावर. २०१८ साली राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा पर्जन्यमान, जमिनीतील ओल आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई यांवरून प्रथम तालुके निवडले गेले, आणि मग त्यांतील दहा टक्के गावांत प्रत्यक्ष शिवारात जाऊन सत्यमापन करावे असा दंडक होता. उपग्रहाच्या साक्षीवर शिवारातील साक्षीचा तपास, हा क्रम योग्यच आहे. कारण उपग्रहालाही कधी कधी काही दिसत नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ही वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम कळविली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाने, कारण रोज दिसणारे गाव आज दिसत नाही, हे त्याच्या ध्यानात आले.

आता राहिला माहितीचा प्रश्न, आणि तो सर्वांत कमी दिसणारा असल्यामुळे सर्वांत अधिक घातक आहे. संकटात सापडलेला माणूस मागाल ती माहिती देतो. त्याला नाही म्हणण्याची ऐपतच नसते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीसारख्या, विश्वास हेच ज्यांचे भांडवल अशा संस्थेच्या संगणकांतूनही २०२२ च्या जानेवारीत युद्धांत ताटातूट झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांसह पाच लाखांहून अधिक लोकांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले. बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांचे ठसे व नावे मदतीचे कार्ड देण्यासाठी घेतली गेली, आणि ज्या म्यानमारच्या सत्तेच्या भीतीने ते पळाले त्याच सत्तेकडे ती माहिती, त्यांतील अनेकांच्या नकळत, पोहोचली, असे एका मानवाधिकार संघटनेने २०२१ मध्ये दाखवून दिले. हे दूरदेशीचे आहे म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. पूरग्रस्तांच्या याद्या, त्यांत नाव, बँक खाते, मोबाईल क्रमांक आणि आधार यांसह, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरताना कोणी पाहिल्या नाहीत? उत्साही कार्यकर्त्यांचा हेतू चांगलाच असतो. तीच यादी ठगाच्या हाती पडली की पुराने ठेवलेले तो नेतो.

याच्या उलट एक मनोहर उदाहरण नाशिकचे आहे. २००३ च्या सिंहस्थात तेथे चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने सोबत्यांसह 'आशिओटो' नावाची एक चटई तयार केली. तिच्यावरून माणूस चालला की पावलाचा दाब मोजला जाई, आणि कोणत्या वाटेवर किती गर्दी लोटते आहे हे बंदोबस्तावरील माणसांना कळे. त्या चटईला कोणाचा चेहरा दिसत नव्हता, नाव कळत नव्हते, जात कळत नव्हती. तिला पावले मोजावयाची होती आणि तिने पावलेच मोजली. दिंडीच्या क्रमांकाशी तिचे नाते मला जवळचे वाटते. ज्या कामासाठी जेवढे हवे तेवढेच घ्यावे, ही गोष्ट कायदे करणाऱ्यांच्या आधी एका शाळकरी मुलाने साधली.

वेळापूरच्याच जिल्ह्यात मंगळवेढा आहे, आणि मंगळवेढ्याचे नाव घेतले की दामाजीपंतांची कथा निघतेच. बादशाही कोठार पंतांनी भुकेल्यांसाठी उघडले, आणि विठू महाराच्या रूपाने विठ्ठलाने बेदरला जाऊन त्या धान्याचे दाम चुकते केले, अशी ती कथा. कीर्तनकार ती सांगताना एक तपशील कधी गाळीत नाहीत: विठूने दरबारातून भरपाईची रसीद घेतली. म्हणजे लोकांच्या कल्पनेतल्या देवालाही हिशेब मान्य होता. मात्र तो हिशेब सरकार आणि कारभारी यांच्यामधला होता, कोठाराच्या दाराशी आलेल्याकडून त्यासाठी काही मागितल्याचे कोणी सांगत नाही. हिशेबाचा बोजा देणाऱ्यावर आणि धान्य घेणाऱ्याला, ही वाटणी मला आजच्या यंत्रयुगातही अमलात आणण्याजोगी वाटते. मस्टरची छाननी करा, दुकानदाराचा साठा कॅमेऱ्याने तपासा, ठेकेदाराची देयके कृत्रिम बुद्धिमत्तेने चाळा; त्या कामी यंत्राइतका निर्दय कारकून मिळणार नाही आणि तेथे निर्दयपणा हवाच आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच जिल्ह्यातील माढा, करमाळा, मोहोळ येथील शिवारे पाण्याखाली गेली. पंचनामे, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, खात्यावर थेट जमा होणारी रक्कम, या सर्व नव्या साधनांची पुढील परीक्षा केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती येणार हे मात्र निश्चित. तेव्हा ग्रामपंचायतींना, तहसील कचेऱ्यांना आणि मदतीस धावून येणाऱ्या संस्थांना एकच विनंती आहे. कोणतेही नवे यंत्र गावात लावण्यापूर्वी ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी सांगाव्यात: यंत्राने नाकारलेल्या माणसाला त्याच दिवशी मदत कोणत्या नोंदवहीवर सही घेऊन दिली जाईल, ती नोंदवही कोणाच्या ताब्यात राहील, आणि गोळा केलेली माहिती कोणत्या तारखेला नष्ट केली जाईल. ग्रामसभेला बसणाऱ्या वाचकांनी ही उत्तरे मागून घ्यावीत, आणि ती इतिवृत्तात लिहिली जाईपर्यंत सभेतून उठू नये.